कवड्याच्या कार्डावरची ओळ

बाई,

तुम्ही गेल्यानंतर तुमच्या जलदान विधीला देगलूरला मला बोलायला उभं केलं. अंगणात मंडप होता. पुढे पांढऱ्या साड्यांमध्ये तुमच्या बहिणी, जावा, आणि मागे खुर्च्यांवर तीन-चार तालुक्यांतले शिक्षक. मी दहा मिनिटं बोललो. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आसपासच्या झाडा-प्राण्यांच्या कार्डांची शिवारपेटी कशी तयार केली, तिच्यातलं एकेक चित्र स्वतः कसं काढलं, खुर्चीला चिकटलेल्या आमच्यासारख्यांना बांधावर कसं नेलं, हे सगळं सांगितलं. लोक माना हलवत होते. खाली बसलो तेव्हा तुमच्या प्रज्ञाने माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि म्हणाली, "आईला आवडलं असतं, सर."

तुम्हाला आवडलं नसतं. बोललो ते सगळं खरं होतं, पण एक गोष्ट मी गाळली होती. ती गाळायची मला इतकी सवय झालेली की जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मी तुमच्या शाळेत रुजू झालो तेव्हा लातूर शहराबाहेरचं मला फारसं काही माहीत नव्हतं. दोन शिक्षकी शाळा, तुम्ही मुख्याध्यापक आणि मी. सीमेवरचं गाव, त्यामुळे वर्गात निम्मी मुलं घरी मराठी बोलायची, बाकीची कुणी कानडी तर कुणी तेलुगू. पहिल्याच आठवड्यात मी खिचडीच्या खोलीमागे लाकडं बघायला गेलो आणि चौथीतली एक मुलगी माझ्याकडे बोट करून ओरडायला लागली, "हावु! हावु!" मला वाटलं, ती इथल्यासारखं 'हाव', म्हणजे 'हो', म्हणते आहे. मी म्हटलं, "हो बाळ, कळलं." तेवढ्यात तुम्ही मागून माझी कॉलर धरून मला खेचलंत. लाकडांतून एक धामण शांतपणे निघून गेली.

"तिच्या घरच्या बोलीत हावु म्हंजे साप असतंय, सर," तुम्ही म्हणालात. "आता कळलं का, ह्यांची बोली कामून शिकायची?"

पेटीची सुरुवात तिथूनच झाली असं तुम्ही सगळ्यांना हसत सांगायचात. मला मात्र ती तळ्याच्या काठावर झाल्यासारखी वाटते. तुम्ही दर शनिवारी मुलांना घेऊन बाहेर जायचात. माझी नाखुशी असायची, कारण वहीत दाखवायला काही उरत नसे. एकदा गाळाच्या पट्टीवर तुम्ही अचानक हात आडवा केलात. "पाय उचलू नका कुणी." सगळे जागच्या जागी थांबलो. समोर खडे होते, एवढंच मला दिसत होतं. एका मुलाने हळूच बोट दाखवलं तेव्हा कळलं, त्या खड्यांतले चार खडे म्हणजे टिटवीची अंडी आहेत. आई डोक्यावर घिरट्या घालून कोकलत होती. तुम्ही मुलांना एकच प्रश्न विचारलात, "ही इथंच कामून घालती? झाडावर जागा न्हाई का?" आणि उत्तर न देता सगळ्यांना आल्या पावली मागे नेलंत. सोमवारी मुलं स्वतःहून सात उत्तरं घेऊन आली. मी बी.एड.ला शिकलेलं काहीच त्याच्या जवळपास जाणारं नव्हतं.

मग आपण पेटीसाठी कार्डं करायला बसलो. पुढच्या बाजूला तुमचं चित्र आणि मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही नावं. मागे शिक्षकांसाठी चार ओळी: कुठे न्यावं, काय विचारावं, काय करू नये. चित्रं तुमची, मजकूर माझा. तुम्ही सांगायचात, मी लिहायचो आणि मग आपलं भांडण व्हायचं.

"दृष्टीस पडतो? दिसतो म्हणा की."

"बाई, हे छापील साहित्य आहे."

"वाचणारे मास्तरच हायत ना? का पंडित बसून वाचून राहिलेत?"

मी बदलायचो आणि पुन्हा तसंच लिहायचो. मला माझ्या भाषेचा अभिमान होता. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही तो बराचसा चालवूनही घेतलात.

सापांच्या कार्डांवर मात्र तुम्ही हटून बसलात. प्रत्येक सापामागे एकच ओळ पाहिजे म्हणालात: 'साप कोणताही असो, शिक्षकाने हात लावायचा नाही. लांबून दाखवायचा.' मला ती ओळ आवडली नव्हती. मुलांच्या मनातली भीती काढायची म्हणून आपण हे करतोय आणि प्रत्येक कार्डावर पुन्हा भीतीच छापायची? बिनविषारी साप हातात घेऊन दाखवला की मुलं दिसला साप की मारणं सोडतील, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "मारू नका एवढं शिकवू. धरा असं कशापायी शिकवायचं?"

भांडण तिथेच राहिलं. प्रज्ञाचं बाळंतपण आलं आणि तुम्ही पंधरा दिवस रजेवर गेलात. छापखान्यातून प्रूफ आलं ते माझ्या हातात. मी एकट्यानेच बसून ते तपासलं. कवड्या सापाच्या कार्डामागची तुमची ओळ खोडली आणि तिथे माझी लिहिली: 'कवड्या पूर्णतः बिनविषारी असल्याने त्याला निर्धास्तपणे हाती घेऊन मुलांची भीती घालवता येते.' मला ती ओळ सुंदर वाटली होती, बाई. मी ती दोनदा मोठ्याने वाचली होती.

तुम्ही परत आलात तोवर पेट्या शाळांत पोचल्या होत्या. कार्ड पाहून तुमचा चेहरा उतरला. "ही ओळ कामून बदलली?" मी माझं म्हणणं पुन्हा मांडलं. तुम्ही बराच वेळ कार्ड उलटंपालटं करत राहिलात आणि शेवटी म्हणालात, "पुढच्या छपाईला काढू." त्यावर मी हो म्हटलं.

पुढची छपाई यायच्या आत धर्माबाद तालुक्यातल्या एका शाळेत खिचडीच्या खोलीत साप निघाला. तिथले नरसिंग सर आपल्या पेटीवर फार खूश होते. पोरं ओरडायला लागली, कुणी काठी आणली. सरांनी सगळ्यांना थांबवलं, कार्ड आणून ताडून पाहिलं. काळपट अंग, त्यावर पांढरट पट्टे. कवड्याच आहे म्हणाले आणि कार्डात लिहिल्याप्रमाणे त्यांनी तो हातात घेतला. साप त्यांच्या बोटाला चावला. दुखलं नाही फारसं. सरांनी हसून मुलांना बोट दाखवलं. "बघा, काही होत नाही." साप शेतात सोडला आणि गणिताचा तास घेतला.

तो मण्यार होता.

दुपारी जेवण वाढताना खिचडीवाल्या मावशींचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. "सर, तुमचे डोळे मिटून राहिलेत की." सर म्हणाले झोप येतेय. मावशींनी वाढप टाकलं, रस्त्यावर जाऊन जीप थांबवली. नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांना श्वास घेता येत नव्हता. पुढचे कितीतरी दिवस यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं.

आपण दोघं गेलो तेव्हा त्यांची बायको, सुरेखाताई, व्हरांड्यात जमिनीवर बसल्या होत्या. तुम्ही सोबत डबा नेला होता. कुणीतरी सांगितलं, पेटीवाल्या बाई आल्यात. त्या उठल्या आणि तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या चित्रापायी माझा माणूस आत पडलाय. काय बघायला आलाव?" आणखीही पुष्कळ बोलल्या. लोक थांबून बघत होते. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकलंत. मी तुमच्या शेजारी एका हाताच्या अंतरावर उभा होतो. चित्रात काही चूक नव्हती, ते बरोबर कवड्याचंच होतं. चूक मागच्या बाजूला होती, आणि ती लिहिणारा मी होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या माझ्याकडे वळल्या असत्या. मी बोललो नाही. तुम्ही डबा त्यांच्याजवळ बाकावर ठेवलात आणि आपण बाहेर आलो.

पुढे आपल्या दोघांना शिक्षण विभागाच्या कार्यालयात बोलावणं आलं. साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "हे लिहिलं कोणी?"

"कार्ड माझं हाय, साहेब."

साहेबांनी चष्मा वर करून ओळ पुन्हा वाचली. "निर्धास्तपणे हाती घेऊन... ही भाषा तुमची वाटत नाही, बाई."

"कामून? मला मराठी येत न्हाई का?"

साहेब ओशाळले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने निघाली आणि प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव दोन वर्षं गेलं. त्या दोन वर्षांत तुमच्याच पेटीवरच्या प्रशिक्षणात तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकायचात.

जिन्यावर मी म्हटलं, "बाई, मी आत जाऊन सांगतो."

"बदलीची यादी कधी लागती तुमची?"

"पुढच्या महिन्यात."

"मग गप बसा. लेकरू तिकडं लातूरला, बायको तिकडं. नोटीस लागली तर राहाल इथंच."

"पण ओळ माझी आहे."

"छापल्यावर मी बी वाचली होती ना? वाचून गप बसले. तवाच परत आणायला पाहिजे होत्या पेट्या. म्हंजे माझी बी हाय." तुम्ही पायरी उतरायला लागलात. आपलं खरं भांडण इथून सुरू झालं, बाई, आणि ते मिटलं नाही. पाहून गप बसणारा आणि लिहिणारा सारखेच दोषी असं तुमचं म्हणणं. मी ते कधीच मान्य केलं नाही. पण त्या दिवशी मी मान्य केल्यासारखा गप बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

दुसऱ्याच रविवारी तुम्ही स्कूटी काढलीत. ज्या ज्या शाळेत पेटी गेली होती तिथून सापांची कार्डं परत आणायची. मी म्हटलं, त्या ओळीवर चिकटपट्टी लावा, तेवढं पुरे. तुम्ही म्हणालात, एक चुकलं म्हणजे बाकीची तपासल्याशिवाय ठेवता येणार नाहीत. दोन रविवार मी तुमच्या मागे बसून आलो. एका गावात मुख्याध्यापक कार्डं द्यायलाच तयार नव्हते. "बाई, पोरांची लई आवडती हायत. एक तेवढं न्या, बाकीची राहू द्या." तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसलात. काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलंत, फक्त ओळ कोणाची ते सोडून. त्यांनी मुकाट्याने पूर्ण संच आणून दिला. प्रत्येक गावात तुम्ही तेच सांगितलंत. चूक झाली, आमची झाली. 'आमची' म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघायचा नाहीत.

तिसऱ्या रविवारच्या आधी यादी लागली आणि मला लातूर मिळालं. निरोपाला तुम्ही स्टँडवर आला नाहीत, कारण शाळा होती.

त्यानंतरचं मला बरंचसं फोनवरूनच कळलं. नरसिंग सर बरे होऊन घरी आले आणि तुम्ही त्यांना विचारलंत, नवीन कार्डं माझ्यासोबत लिहाल का? आधी ते नाही म्हणाले, महिनाभराने हो म्हणाले. सर्पमित्रांना, डॉक्टरांना दाखवून तुम्ही दोघांनी एकेक कार्ड पुन्हा केलंत. मण्यार आणि कवड्या एकाच कार्डावर शेजारीशेजारी आणलेत आणि खाली लिहिलंत: 'फरक ओळखत बसू नका. दोघांपासून लांब राहा.' मागची बाजू सरांनी लिहिली. 'मण्यार चावला तर दुखत नाही. मलाही दुखलं नव्हतं. दुखत नाही म्हणून थांबू नका, दवाखान्यात निघा.' शिक्षकांसाठी लिहिलेल्या साहित्यात इतकी सरळ भाषा मी वाचली नाही. माझ्या हातून ती झाली नसती.

सुरेखाताई मात्र तुमच्याशी बोलल्या नाहीत. नरसिंग सरांकडे कामाला जायचात तेव्हा त्या शेजारी निघून जायच्या. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, पाऊस किती झाला हे सांगावं तसं.

लातूरला आल्यावर मी शिक्षकांसाठी मोबाईलवर पाठवायच्या फायली करायला लागलो. पक्ष्यांचे आवाज, व्हिडिओ. तुम्ही त्या उघडून बघायचात आणि रविवारी फोन करायचात. "पोरायला टिटवी मोबाईलमधी दाखवून राहिलात. टिटवी तिकडं बाहेर बोंबलून राहिली." मी म्हणायचो, शहरातल्या मुलांना टिटवी कुठून आणू? तुम्ही म्हणायचात, मग तुमच्याकडं जे हाय ते दाखवा, कावळा हाय, पाल हाय, भिंतीतला पिंपळ हाय. ह्यात तुम्ही जिंकलात. भिंतीतल्या पिंपळावर माझे सहावीचे तीन तास गेले आणि मुलं उठायला तयार नव्हती. फोन करून हे सांगायचं राहून गेलं.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. हात बारीक झाले होते. मी ठरवून आलो होतो. प्रज्ञा औषधं आणायला गेल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या कवड्याच्या कार्डाचं..."

"नका काढू आता, सर. वाद घालायला दम लागतो."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत तुम्ही मला पुष्कळ काही दिलंत, पण ही सूट मी घ्यायला नको होती. तुम्ही नको म्हणालात ते तुमच्याशी वाद घालायला. बाकीच्यांना सांगू नका, असं तुम्ही म्हणाला नव्हतात.

गेल्या आठवड्यात मुदखेडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तुमच्या जागी मला बोलावलं. शेजारच्या खुर्चीवर नरसिंग सर होते, ते आता दरवेळी तिथे असतात. पेटी उघडली, पक्षी झाले, झाडं झाली, तळ्यातले किडे झाले. सापांचं कार्ड हातात आलं तेव्हा मी तुमच्यासारखीच सुरुवात केली की आधीच्या कार्डात एक चूक झाली होती. आणि मग म्हटलं, "ती ओळ बाईंनी लिहिली नव्हती. बाईंनी हात लावू नका असं लिहिलं होतं. ती खोडून दुसरी मी लिहिली. बाई रजेवर होत्या. त्यांना विचारलं नाही."

नरसिंग सर माझ्याकडे बघत नव्हते. ते उठून बाहेर गेले. मागून एका शिक्षिकेने विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलं, सर?" मी म्हटलं, "बदलीची यादी होती." कुणी हसलं नाही. इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी यादीची वाट पाहिलेली असते, आणि म्हणूनच ते उत्तर किती तोकडं आहे हे प्रत्येकाला कळलं.

सर परत आले तेव्हा तोंड धुऊन आले होते. बसले, कार्ड हातात घेतलं आणि मागची बाजू शिक्षकांना वाचून दाखवली. संध्याकाळी पेटी बांधताना एवढंच म्हणाले, "घरी सांगावं लागंल. तुमीच चला."

धर्माबादला त्यांच्या घरी मी सुरेखाताईंना सगळं सांगितलं. त्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. माझं सांगून होईपर्यंत त्यांचे हात चालूच होते, मग थांबले. माझ्याकडे न बघता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी मातीला गेले न्हाई बाईंच्या. तुमी चल म्हणले, मी म्हणले काम हाय."

सुरेखाताईंना मी तुमच्याशी बोलण्याची सहा वर्षं आणि तुमचं मरण चुकवायला लावलं होतं, बाई, आणि यातलं काहीच आता दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाईंची लेक कुठं असती?"

"देगलूरलाच आहे सध्या."

"मला जायचंय."

रविवारी आम्ही तिघं गेलो. प्रज्ञाने दार उघडलं. सुरेखाताई चपला काढून आत गेल्या, तुमच्या फोटोसमोर हात जोडले आणि तिथेच उभ्या राहून प्रज्ञाला म्हणाल्या, "मी तुमच्या आईला लई बोलले होते दवाखान्यात. चूक त्यांची नव्हती."

प्रज्ञाने त्यांना हाताला धरून बसवलं. "आई म्हणायची, त्या बोलल्या ते बरोबर होतं. आई म्हणायची, मी ती ओळ वाचली होती आणि थांबले होते."

म्हणजे घरीसुद्धा तुम्ही तेच सांगत होतात. माझं नाव न काढता तुम्ही मला वाचवत होतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. तसं ते होतंच, पण तेवढंच नव्हतं. तुम्ही तुमच्या वाट्याचं खरोखर उचललं होतं. माझा वाटा तुम्ही घेतला नव्हता, तो मी तुमच्या दारात टाकून गेलो होतो. मी प्रज्ञालाही माझी ओळ सांगितली. ती ऐकत राहिली, नंतर म्हणाली, "सर, आईच्या कपाटात नवीन संचासाठी चित्रं आहेत, मुंग्यांची. मागचा मजकूर लिहायचा राहिलाय." लिहा असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही. नरसिंग सर आणि मी मिळून चित्रं पाहिली. मजकूर सर लिहितील. मी मुद्रितं तपासीन, आणि एक अक्षरही त्यांना विचारल्याशिवाय बदलणार नाही.

स्टँडवर त्यांची बिलोलीकडची गाडी लागली. सर जागा धरायला चढले. दिवसभरात सुरेखाताई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पायरीवर पाय ठेवून त्या मागे वळल्या.

"सर, बाईला बोलले ते मला माघारी घेता येईना. तुमाला तर अजून काहीच बोलले न्हाई. बोलायचं हाय मला. या एकदा घरी."

मी येतो म्हणालो. येत्या रविवारी जाणार आहे, बाई.